पहिलंच लाकूडकाम: पक्ष्यांसाठी फीडर करायचा आहे, नागपूरकरांनो सांगा

अंगणवेल | १६ फेब्रुवारी
नमस्कार मंडळी. मी त्रिमूर्तीनगरात राहते. माझे बाबा अजनीला रेल्वेत होते आणि सुटीच्या दिवशी घरीच सुतारकाम करायचे. देव्हारा, पाट, माझं अभ्यासाचं टेबल, सगळं त्यांच्या हातचं. ते गेले त्याला चार वर्षं झाली. परवा माळा आवरताना त्यांची हत्यारांची पेटी हाती लागली. दोन करवती, एक लाकडी रंधा, तीन पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या आणि हातानं भोक पाडायचं एक गिरमिट. पाती गंजली आहेत, पण मुठी अजून गुळगुळीत आहेत. माझा अकरा वर्षांचा मुलगा ती पेटी सोडायला तयार नाही.

आम्हा दोघांना पक्ष्यांसाठी दाण्याचा फीडर करायचा आहे. दोघांनीही आजवर एक फळीसुद्धा कापलेली नाही. मागच्या अंगणात जांभळाचं झाड आहे, चिमण्या, बुलबुल आणि सातभाई रोज येतात. कोणतं लाकूड घ्यावं? केवढा करावा? आणि या हत्यारांवर भागेल की मशीन लागेलच?

बुटीबोरी_पॅसेंजर | १६ फेब्रुवारी
तयार मिळतो की ताई ऑनलाइन. प्लास्टिकचा. दोन मिनिटांत टांगून मोकळं व्हायचं.

अंगणवेल | १६ फेब्रुवारी
तयार नको. बाबांची करवत चालवून बघायची आहे, फीडर हे निमित्त.

लकडगंजचा_पोट्टा | १६ फेब्रुवारी
ताई, एकदम बरोबर ठिकाणी विचारलं. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून लाकडाचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगून राहिलो.

पहिल्या कामासाठी नवीन सागवानाची पूर्ण फळी घेऊच नका. लकडगंजात आरा मशीनवर सकाळी जा आणि कटपीस मागा. चौकटी-दरवाजे कापून उरलेले हात-दीड हाताचे तुकडे ढिगात पडलेले असतात. आपल्याकडं येणारं सागवान चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं, जुने लोक अजूनही त्याला सीपी सागवान म्हणतात, सीपी म्हणजे इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत. त्यात अंगचं तेल असते, म्हणून पावसात टिकते आणि वाळवी लवकर लागत नाही. तुकडा घेताना हातात धरून लांबीच्या दिशेनं डोळ्यासमोर पकडा, जसं बंदुकीचा नेम धरतो तसं. वाकलेला असेल तर लगेच दिसते. गाठी असलेला घेऊ नका, करवत तिथंच अडते.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तर बिलकुल नको. एका पावसात पोळीसारखी फुगते. प्लायच घ्यायची झाली तर साधी कमर्शियल नको, आयएस ७१० छापलेली घ्या, ती मरीन, पाण्यात टिकणारी.

मशीनची गरज नाही. गिरमिट आहे ना? झालं मग.

निसर्गवाट | १७ फेब्रुवारी
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. फीडरची खरंच गरज आहे का? मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना ती पहिले काही दिवस अळ्या-किडेच भरवते. अंगणात फवारणी करायची आणि वर बाजरी ठेवायची, याला अर्थ नाही. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, एखादा उंबर लावा. आपला राज्यपक्षी हरियाल उंबर-पिंपळाच्या फळांवर जगतो, तो तुमच्या फीडरकडे बघणारही नाही. आणि नागपुरात मार्चपासून पक्ष्यांना दाण्याआधी पाणी लागतं. मातीचं पसरट भांडं, दोन इंच पाणी, सावलीत. एवढं केलं तरी खूप आहे.

धंतोलीचे_काका | १७ फेब्रुवारी
निसर्गवाट, तुमचं म्हणणं पटतं. पण मूळ प्रश्न एका मुलानं आजोबांची हत्यारं हातात घेण्याचा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. पाण्याचं भांडं ठेवावंच, फीडरही करावा.

अंगणवेल, मी निवृत्त इंजिनिअर आहे, म्हणून मापं देतो. तळ २५ बाय २० सेंमी. चार खांब, पुढचे दोन २० सेंमी उंच आणि मागचे दोन १५. छप्पर एकाच उताराचं. खोली २० आणि फरक ५, म्हणजे उतार साधारण १४ अंशांचा येतो. पाणी ओघळायला तेवढा पुरतो. छप्पर चारही बाजूंनी ५ सेंमी बाहेर काढा, म्हणजे ३५ बाय ३१ लागेल. ३१ अशासाठी की उतारावरची लांबी सपाटीपेक्षा थोडी जास्त भरते. मुलाला हे कागदावर काढून दाखवा, शाळेतला काटकोन त्रिकोण तिथंच भेटेल. दोन उतारांचं घरासारखं छप्पर दिसायला सुंदर, पण शेंड्याचा जोड पहिल्या कामात जुळत नाही आणि नेमकं तिथूनच पाणी गळतं.

लकडगंजचा_पोट्टा | १७ फेब्रुवारी
काका, भारी. एक भर घालतो. ३१ सेंमीचं छप्पर एकाच फळीचं करू नका. आपल्या इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते आणि जुलैत हवा नुसती ओली. एवढी रुंद फळी आडवी आकसते, मग फुगते, आणि दोन्ही कडांना स्क्रूनं जखडली तर मधून तडकते. दोन अरुंद फळ्या घ्या आणि वरची खालचीवर दोन बोटं चढवा, कौलावर कौल चढते तसं. प्रत्येक फळीला एकाच रेषेत स्क्रू मारा, दुसरी कड मोकळी ठेवा. लाकडाला हलू द्यायचं.

काटोलवाला | १८ फेब्रुवारी
आमच्याकडं संत्र्याच्या लाकडी पेट्यांचे फाळके पडून आहेत. लहानपणी आम्ही पोट्टे त्याच्याच गाड्या करत होतो. आता सगळं प्लास्टिकच्या क्रेटात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात जाते, पण कोणाकडं जुन्या पेट्या असल्या तर फुकटात काम होते. फक्त फळी पातळ असते, खिळा मारला का चिरते. त्यावर आमच्या आजोबांचा उपाय असा. खिळा उलटा धरायचा आणि टोकावर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा. टोक बोथट झालं का खिळा लाकडाच्या रेषा फाकवत नाही, चिरडत आत जाते. करून पाहा.

गोदाम_मिहान | १८ फेब्रुवारी
फुकटच्या लाकडाचा विषय निघाला म्हणून लिहितोय. पॅकिंगचे पॅलेट खूप लोक नेतात, पाईन असतं, कापायला मऊ, नवशिक्यांना छान. पण त्यावरचा शिक्का बघितल्याशिवाय घेऊ नका. परदेशी माल ज्या लाकडात येतो त्यावर जाळल्यासारखा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली. ते पक्ष्यांच्या ताटाला अजिबात नको. शिक्काच नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील, तरी सोडून द्या.

अंगणवेल | १९ फेब्रुवारी
बापरे, केवढी माहिती! रविवारी लकडगंजला जाते. निसर्गवाट, पाण्याचं भांडं आजच ठेवलं, जांभळाखाली. एक विचारायचं राहिलं, रंध्याच्या पात्यावरचा गंज कसा काढू?

लकडगंजचा_पोट्टा | १९ फेब्रुवारी
पाचर ठोकून पातं बाहेर काढा. बारीक पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर ठेवून पात्याची सपाट पाठ आधी घासा, आरशासारखी चकाकेपर्यंत. मग धारेच्या दगडावर तेलाचे दोन थेंब टाका, पात्याचा उतार दगडावर पूर्ण टेकवा आणि पुढं-मागं करा. कोन बदलू देऊ नका, मनगट घट्ट. दुसऱ्या बाजूला बोट फिरवलं का बारीक खरखर लागेल, त्याला आम्ही लव म्हणतो. लव आली म्हणजे धार कडेपर्यंत पोचली. पाठ दगडावर सपाट ठेवून एक-दोनदा ओढा, लव पडते. धार पाहायची तर कागद उभा धरून कापा, बोटानं पाहू नका. पोराला तर बिलकुल नाही.

मनीषनगर_चौथा_मजला | २१ फेब्रुवारी
आमच्याकडे फ्लॅट आहे. मीही मागच्या वर्षी सज्ज्यात फीडर लावला आणि चिमणी एकही आली नाही, सगळी कबुतरं. आईला दमा आहे. डॉक्टरांनी सांगितलं की कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला फार वाईट. शेवटी काढून टाकला. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं झालं ते याचसाठी. फ्लॅटवाल्यांनी विचार करूनच लावा.

धंतोलीचे_काका | २१ फेब्रुवारी
अगदी रास्त मुद्दा. आईंना जपा, घरात दमा असेल तर फीडर नकोच. ज्यांना ठेवायचा आहे त्यांनी चारही बाजूंना उभ्या काड्या लावाव्यात, दोन काड्यांमध्ये ४ सेंमी जागा. चिमणी आणि मुनिया सहज शिरतात, कबुतराची छाती अडते. आणि दाणे रोज मूठभरच, संध्याकाळपर्यंत संपतील एवढे. खाली सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं आणि रात्री उंदीर येतात.

खामला_बाजार | २२ फेब्रुवारी
दाणे कोणते टाकता सगळे? मी भात टाकते उरलेला.

निसर्गवाट | २२ फेब्रुवारी
शिजवलेला, मिठाचा भात नको, उन्हात दोन तासांत आंबतो. बाजरी, राळा, तांदळाची कणी. शेंगदाणे द्यायचे तर चांगले, कोरडे, बिनमिठाचे. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन असतं, ते पक्ष्यांनाही विष आहे. बुलबुलासाठी फीडरच्या खांबाला एक खिळा ठोकून पपईची फोड खोचा. सातभाई अख्ख्या टोळीनं येतील, कलकलाट सहन करायची तयारी ठेवा 😊

महाल_वाडा | २३ फेब्रुवारी
हा धागा वाचून खूप आनंद झाला. आमच्या गल्लीत तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारे एक आजोबा होते. श्रावणात त्यांच्या ओट्यावर ढलप्यांचा ढीग असायचा आणि आम्ही पोरं त्यात बसून बघायचो. बैलाचं वशिंड ते पटाशीनं कसं काढायचे, तर एक रेघही न आखता. त्यांनी मला एकदा तुकडा दिला आणि म्हणाले, ‘आधी रेषा कुठं चालली ते बघ, मग पटाशी लाव. उलट्या रेषेत गेलीस तर लाकूड उपटतं.’ अंगणवेल, रंधा मारताना हे लक्षात ठेवा. गुळगुळीत चालला तर दिशा बरोबर, अडखळत खापा काढू लागला तर फळी फिरवा.

अंगणवेल | १ मार्च
लकडगंजहून सहा कटपीस आणले. एका मोठ्या दुकानात ‘एवढ्याशा कामासाठी येऊ नका’ असं ऐकावं लागलं, वाईट वाटलं. पण पुढच्याच आरा मशीनवर एका काकांनी ढिगात बसवून निवडू दिलं आणि मुलाला देवदाराचा एक तुकडा वास घ्यायला दिला. तो आता त्याच्या दप्तरात आहे.

काल सगळी दुपार धार लावण्यात गेली. पोट्टा, तुमची लव मला तिसऱ्या प्रयत्नात लागली. आणि मग रंधा चालला! पहिल्यांदा नुसता भुसा निघाला, पातं दोन ठोक्यांनी मागे घेतलं, आणि मग एक लांब, पातळ सालपट गुंडाळत बाहेर आलं. उन्हात धरलं तर पलीकडचं दिसत होतं. सागवानाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास आला आणि बाबांचा रविवारचा शर्ट आठवला. मुलानं ती सगळी सालपटं एका बरणीत भरून ठेवली आहेत.

मग आज एक पट्टी चिरली. तळाच्या कडेची. भोक न पाडता थेट स्क्रू पिळला, टोकापासून एका बोटावर. कट् असा आवाज आला आणि टोकापर्यंत चीर गेली. खूप हळहळ वाटली, ती पट्टी मुलानं रंधली होती.

धंतोलीचे_काका | १ मार्च
ते प्रत्येकाचं एकदा होतंच, मुलाला सांगा. ३.५ मिमीच्या स्क्रूला आधी अडीच मिमीचं भोक पाडायचं. वरच्या फळीत भोक स्क्रूएवढंच मोकळं ठेवायचं, म्हणजे स्क्रू खालच्या लाकडाला धरतो आणि वरची फळी ओढून घेतो. टोकापासून निदान दोन बोटं आत. चिरलेली पट्टी टाकू नका. चिरेत फेविकॉल भरा, सुतळीनं आवळून रात्रभर ठेवा, मागच्या बाजूला वापरा. सागवान तेलकट असतं, म्हणून फेविकॉलआधी तो भाग थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या. ते काम घराबाहेर करा.

लकडगंजचा_पोट्टा | १ मार्च
आणि सागवान घासताना नाका-तोंडाला रुमाल बांधा दोघंही. त्याच्या भुशानं काही जणांना शिंका येतात, अंगाला खाज सुटते.

गोधनी_रोड | ४ मार्च
रंग कोणता द्यावा? मी हिरवा ऑइल पेंट दिला होता.

गोदाम_मिहान | ४ मार्च
आतून काहीच नको. बाहेरून द्यायचा तर नवीन डब्यातलाच द्या. २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे, माळ्यावरचे जुने डबे त्याआधीचे असू शकतात. अंगणवेल, बाबांच्या पेटीत जुना रंग असेल तर तो वापरू नका, ही कळकळीची विनंती.

काटोलवाला | ४ मार्च
जवसाचं तेल लावा ना! आपल्या विदर्भातलंच पीक. कच्चं घाणीचं तेल फडक्यानं पातळ चोळायचं, तासाभरानं उरलेलं पुसून काढायचं. वाळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. घाई करू नका.

धंतोलीचे_काका | ४ मार्च
काटोलवाला, तेल उत्तम, पण एक गोष्ट मोठ्या अक्षरांत वाचा असं समजून लिहितो. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेशी संयोग पावून उष्णता सोडतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. नागपूरच्या उन्हाळ्यात तर काडी लावायची गरजच नाही. फडकं मोकळ्या जागी तारेवर एकपदरी वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. माझ्या तरुणपणी वर्कशॉपमध्ये असा एक डबा रात्रीतून धुमसताना मी स्वतः पाहिला आहे.

अंगणवेल | १५ मार्च
झाला फीडर! तळाला लाकडाऐवजी बारीक जाळी लावली, पाणी साचू नये म्हणून. जांभळाच्या फांदीला टांगला, साधारण माझ्या डोक्याच्या थोडा वर. पाच दिवस झाले, एकही पक्षी नाही. मुलगा शाळेतून आला की आधी तिकडे धावतो.

निसर्गवाट | १५ मार्च
दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नवीन वस्तू त्यांना धोक्याची वाटते. तुमचं पाण्याचं भांडं त्यांच्या सवयीचं झालंय ना? त्याच्या जवळ जमिनीवर चार दाणे टाका, रोज थोडे फीडरकडे सरकवा. शेजारी दाट झुडूप आहे का? असेल तर मांजर दबा धरतं, दोन मीटर तरी लांब हवं. खिडकीची मोठी काच असेल तर फीडर काचेपासून मीटरभराच्या आत ठेवा किंवा दहा मीटर लांब. अधल्यामधल्या अंतरावरून उडालेला पक्षी वेगात आपटतो.

बुटीबोरी_पॅसेंजर | २० मार्च
आज जागतिक चिमणी दिन. आली का चिमणी?

अंगणवेल | २० मार्च
खारूताई आली 😊 छपरावर बसून दोन्ही हातांनी बाजरी खात होती. मुलगा तरीही आनंदानं नाचला.

खामला_बाजार | २१ मार्च
याच मापात चिमणीचं घरटंही करता येईल का? एकात दोन?

निसर्गवाट | २१ मार्च
एकत्र नको, ताई. अंडी-पिल्लांजवळ दिवसभर इतर पक्ष्यांची वर्दळ चिमणीला चालत नाही. घरट्याची पेटी वेगळी, वळचणीखाली, दुपारच्या उन्हापासून लांब. भोक ३२ मिमीचं. भोकाखाली बसायला काडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही, उलट दुसऱ्या पक्ष्यांना आत चोच घालायला आधार होतो.

अंगणवेल | ३० मार्च
आज सकाळी साडेसहाला एक नर चिमणी. आधी दोरीवर, मग छपराच्या कडेवर, मग आत. तीन दाणे फोडले आणि उडाली. दहा मिनिटांत मादीला घेऊन परत. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीत श्वास रोखून उभे होतो, चहा उतू गेला.

अंगणवेल | ११ जुलै
पावसाचा अहवाल देते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, छपराची वरची फळी जरा आकसली, आता परत भरून आली, कुठंही तडा नाही. पोट्टा, तुमच्या कौलाची कमाल. पण मागच्या आठवड्यात जाळीच्या कोपऱ्यात बाजरी ओली राहून काळी पडली, वास येत होता. जाळी स्क्रूनं पक्की बसवलेली, धुवायला सगळं खोलावं लागलं. आता तिला दोन बाजूंना खाचेच्या पट्ट्या करून सरकती केली. ड्रॉवरसारखी बाहेर येते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, घासून, भरपूर धुऊन, पूर्ण वाळवून मगच परत. दर आठवड्याला. पावसाची झड लागली की दाणे बंदच.

नवी_करवत | १२ जुलै
सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी प्रतापनगरला राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कधीच लाकूड कापलेलं नाही. पहिल्या कामाला एवढं सगळं जमेल का? थोडक्यात कोणी सांगेल का, सुरुवात कशापासून करू?

अंगणवेल | १२ जुलै
जमेल गं. तू आधी फक्त ताटली कर. चार कडा, खाली सरकती जाळी, छप्पर नाहीच. त्यात सगळे काप काटकोनातले आहेत आणि धुता येण्याची सोय पहिल्यापासून ठेवता येते, जी मी विसरले होते. लाकूड पाईनचं घे, शिक्का बघून. सागवान माझ्यासाठी बरोबर होतं कारण त्याच्या वासात बाबांची आठवण होती, पण हात बसेपर्यंत पाईन जास्त माफ करतं. छप्पर ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर जोड.

प्रतापनगर म्हणजे अगदी शेजारीच. रविवारी सकाळी ये, हत्यारं इथं आहेत. गुण्या कसा धरायचा ते माझा मुलगा दाखवेल, तो आता कुणालाही आखल्याशिवाय कापू देत नाही. लांब कडा मी कापून ठेवते, आखूड दोन तू काप.